मूल औषध थुंकते तेव्हा: औषधाचे योग्य रूप निवडून ते पोटात उतरवण्याची पद्धत

नागपुरात धंतोलीतील एका औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट म्हणून काम करते. आजूबाजूला मुलांची रुग्णालये दाटीने असल्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याचशा लहान मुलांच्या असतात. एका संध्याकाळी एक आजी अडीच वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन अँटिबायोटिकची दुसरी बाटली मागायला आल्या. पहिली बाटली पाच दिवस पुरायला हवी होती आणि ती तिसऱ्याच दिवशी संपली होती. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्धं तर अंगावरच सांडते जी. नाक दाबल्याशिवाय पोट्टं तोंडच उघडत नाही." मुलाच्या बनियनच्या गळ्यापासून पोटापर्यंत गुलाबी डाग वाळून कडक झाले होते. बाटली रिकामी झाली होती, परंतु त्यातले किती औषध पोटात गेले आणि किती बनियनवर राहिले, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ताप का उतरत नाही, या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या डागांतच होते.

अशा वेळी घरात मुलाला हट्टी ठरवले जाते आणि आईला पाजता येत नाही म्हणून बोल लावला जातो. माझे मत वेगळे आहे. मुलाने औषध नाकारणे ही उपचाराच्या दृष्टीने उपयोगी माहिती असते आणि ती डॉक्टरांपर्यंत पोहोचली तर बहुतेक वेळा दुसरे रूप, दुसरी तीव्रता (म्हणजे एका मिलीत किती औषध आहे ते) किंवा दुसरी चव निवडता येते. म्हणूनच पुढील पायऱ्यांची सुरुवात बाटलीपासून न करता डॉक्टरांच्या खोलीपासून केली आहे.

पहिली पायरी: चिठ्ठी हातात पडण्यापूर्वी बोलणे

तपासणी संपून डॉक्टर लिहायला लागले की पालक मुलाला कपडे घालण्यात गुंततात आणि बोलण्याची वेळ निघून जाते. त्याआधीच, मूल आतापर्यंत कोणते औषध सुखाने घेत आले आणि कोणते थुंकले, हे नावासह सांगावे. नाव आठवत नसेल तर जुन्या बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरतो. त्यानंतर तीन गोष्टी विचाराव्यात: हे औषध फार कडू आहे का, ते कमी मिलीमध्ये बसेल अशा तीव्रतेत मिळते का, आणि दिवसातून कमी वेळा देता येईल असा याच गुणाचा पर्याय आहे का. पाच मिली कडू औषध दिवसातून तीनदा पाजणे आणि अडीच मिली दिवसातून दोनदा पाजणे यांत घरातल्या शांततेचा फार मोठा फरक असतो. मुलाचे वजन त्याच दिवशी करून घेऊन चिठ्ठीवर लिहून घ्यावे, कारण लहान मुलांच्या बहुतेक औषधांची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते.

दुसरी पायरी: रूप ओळखणे

आपल्याकडे लहान मूल म्हणजे सिरप असे समीकरण पक्के झाले आहे. जगात मात्र हा विचार बदलत गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मुलांसाठी आवश्यक औषधांची स्वतंत्र यादी पहिल्यांदा प्रसिद्ध केली. पुढे तिने मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या किंवा सहज विभागता येणाऱ्या घन औषधांना प्राधान्य द्यावे, अशी भूमिका घेतली. अशी औषधे उन्हात लवकर बिघडत नाहीत, बाटलीपेक्षा हलकी असतात आणि त्यांची मात्रा चमच्यावर अवलंबून राहत नाही. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ३०६ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन मिलिमीटरची, म्हणजे जवळपास मोहरीच्या दाण्याएवढी, औषधविरहित गोळी मुलांनी गोड सिरपपेक्षा अधिक चांगली स्वीकारली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात एक ते चार वर्षांच्या मुलांना चार मिलिमीटरची गोळी, पूड, दाट द्रव आणि सिरप अशी चार रूपे घरी पालकांकडून देऊन पाहिली, तेव्हाही पूड आणि दाट द्रव यांच्यापेक्षा गोळी आणि सिरप यांना पसंती मिळाली. मोहरीएवढ्या गोळ्या आपल्या दुकानांत सहसा दिसत नाहीत, तरी लहान मुलाला गोळी चालणारच नाही हे गृहीत मात्र यामुळे ढिले होते.

विरघळणारी गोळी तर आपल्या घराघरांत येऊन गेली आहे. जुलाबात ओआरएससोबत दिली जाणारी झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. सहा महिन्यांवरील बाळाला ती रोज एक, तर दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, अशी १४ दिवस द्यायची असते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून उरलेली पाकिटे फडताळात टाकणे ही नेहमीची चूक आहे. गोळी चमच्यात ठेवून त्यावर उकळून गार केलेले पाणी किंवा आईचे दूध घालावे, मिनिटभर थांबावे, ती आपोआप विरू द्यावी आणि पाजून झाल्यावर त्याच चमच्यात आणखी थोडे पाणी फिरवून तेही पाजावे, कारण तळाशी राहिलेल्या गाळात औषधाचा काही भाग असतो. लहान मुलांच्या क्षयरोगासाठी सरकारी कार्यक्रमातून मिळणारी तीन औषधांची एकत्रित गोळीही अशीच पाण्यात विरघळणारी आहे.

चघळायच्या गोळीबाबत वयाची मर्यादा पाळणे अत्यंत गरजेचे आहे. दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक दिनानिमित्त अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल दिले जाते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी आणि दोन ते तीन वर्षांच्या बाळाला पूर्ण गोळी द्यायची असते, परंतु दोघांनाही ती दोन चमच्यांमध्ये चुरून, पाण्यात कालवूनच द्यावी. रडत्या मुलाच्या तोंडात अख्खी गोळी कोंबल्यास ती श्वासनलिकेत अडकू शकते.

गोळी चुरण्याचा हा नियम सगळ्या गोळ्यांना लागू होत नाही. पोटातील आम्लापासून वाचवण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या, उदाहरणार्थ पँटोप्रॅझोल, आणि औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे एसआर, सीआर किंवा ईआर अशी अक्षरे असतात, त्या खलबत्त्यात किंवा सहाणेवर कुटू नयेत. फिट्सच्या औषधांत अशा गोळ्या पुष्कळ असतात. औषध हळूहळू सोडणारी गोळी चुरल्यास दिवसभरात मिळायचे औषध एकदम अंगात जाते. चिठ्ठीतील गोळी चुरता येते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी फार्मासिस्टला विचारावा. त्याचे उत्तर देणे हे आमचे कामच आहे.

सिरपविषयी बोलताना नागपूरकरांना २०२५ चा सप्टेंबर आणि ऑक्टोबर विसरता येणार नाही. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील मुले खोकल्याचे सिरप घेतल्यानंतर लघवी बंद झालेल्या अवस्थेत आपल्या शहरातील रुग्णालयांत आणली जात होती आणि त्या प्रकरणात वीसहून अधिक मुले दगावली. तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. सिरपमध्ये औषध विरघळवण्यासाठी वापरायच्या द्रावकांत या विषाची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. हे विष द्रवरूप औषधांतच का शिरते, हे समजून घेतले पाहिजे. औषध विरघळवण्यासाठी सिरपमध्ये प्रोपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिनसारखे द्रावक वापरावे लागते, आणि ते औषधी दर्जाचे नसेल किंवा त्याची तपासणी टाळली गेली असेल तर त्यातून विष बाटलीत येते. त्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे टाळावीत असे पुन्हा बजावले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच सर्दीच्या औषधांतील क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये, अशी सूचना निघाली होती. म्हणून चिठ्ठीशिवाय खोकल्याची बाटली मागणाऱ्या पालकांना मी ती देत नाही. साधा व्हायरल खोकला बहुधा आपोआप बरा होतो आणि त्यासाठी औषधाचे कोणतेही रूप शोधण्याची गरज नसते.

तिसरी पायरी: मोजणे

मी माझ्या स्वयंपाकघरातील चार चमचे सिरिंजने पाणी भरून मोजले. एकात तीन मिली बसले, एकात साडेचार, एकात सहा आणि पोह्यांच्या चमच्यात त्याहून कितीतरी जास्त. चिठ्ठीवर "एक चमचा" लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ पाच मिली असतो, हातात येईल तो चमचा नव्हे. तोंडावाटे औषध देण्याची सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते. बाटलीसोबतच्या टोपणाने दोन मिलीपेक्षा कमी मात्रा नीट मोजता येत नाही, त्यामुळे तान्ह्या बाळासाठी सिरिंजच वापरावी.

ड्रॉप्स आणि सिरप यांची अदलाबदल ही मी पाहिलेली सर्वांत गंभीर चूक आहे. पॅरासिटॅमॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असते, साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२० मिलिग्रॅम, तर तीव्र सिरपमध्ये पाच मिलीत २५० मिलिग्रॅम असते. आठ किलो वजनाच्या बाळाला दर किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळी १२० मिलिग्रॅम लागतात. साध्या सिरपचे पाच मिली, तीव्र सिरपचे सुमारे २.४ मिली किंवा ड्रॉप्सचे फक्त १.२ मिली म्हणजे तेवढेच औषध. सिरप संपले म्हणून कोणी ड्रॉप्सचे पाच मिली पाजले तर बाळाला चारपट मात्रा मिळते आणि यकृतावर त्याचा गंभीर परिणाम होऊ शकतो. लेबलवरील "प्रति मिली" आणि "प्रति ५ मिली" हे शब्द प्रत्येक नव्या बाटलीवर बोट ठेवून वाचावेत.

पाणी घालून तयार करायच्या पावडरच्या बाटलीत उकळून पूर्ण गार केलेले पाणी आधी खुणेच्या खालपर्यंत घालावे, जोरात हलवावे, फेस बसू द्यावा आणि मग खुणेपर्यंत भरावे. प्रत्येक वेळी देण्याआधी बाटली पुन्हा हलवावी, नाहीतर पहिल्या दिवसांत पातळ आणि शेवटी दाट औषध जाते. ज्या बाटलीवर फ्रीजमध्ये ठेवण्याची सूचना आहे ती मे महिन्यात कट्ट्यावर तासभरही ठेवू नये. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेले कोणतेही औषध बिघडू शकते.

चौथी पायरी: पाजणे

"नाक दाबले की तोंड उघडते" ही म्हण औषध पाजताना शब्दशः पाळली जाते, आणि इथे ती जिवावर बेतू शकते. नाक बंद असलेले मूल तोंड उघडते ते श्वास घेण्यासाठी. त्याच क्षणी जिभेवर औषध ओतले तर ते श्वासाबरोबर फुप्फुसाकडे जाते. त्या आजींना मी हे समजावले तेव्हा त्यांनी आपल्या मुलांना असेच वाढवल्याचे सांगितले. तेही खरे होते, म्हणून मी वाद न घालता सिरिंजमध्ये साधे पाणी भरून त्यांच्याच हाताने नातवाला पाजायला लावले.

पद्धत अशी. मुलाला मांडीवर आपल्या छातीशी टेकवून बसते ठेवावे. आडवे कधीच करू नये. त्याचा एक हात आपल्या काखेखाली आणि दुसरा आपल्या डाव्या हातात हलकेच धरावा. सिरिंजचे टोक ओठांच्या कोपऱ्यातून गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत न्यावे. समोरून जिभेवर दिल्यास मूल ते जिभेने बाहेर ढकलते आणि घशाकडे रोखून दिल्यास ठसका लागतो. एका वेळी अर्धा ते एक मिलीच सोडावे, गिळल्याचा आवाज ऐकावा किंवा हनुवटीखालची हालचाल पाहावी आणि मगच पुढचा थेंब द्यावा. मूल रडत असेल तर हात थांबवावा. त्या संध्याकाळी नातवाने दोन मिली पाणी हसत घेतले, आणि तिसऱ्या मिलीला आजींनी घाई केली तेव्हा लगेच थुंकले. आजी स्वतःच म्हणाल्या, "हळू द्यायला पाहिजे तर." डॉक्टरांना फोन करून मी मुलाची अडचण सांगितली आणि त्यांनी त्याच औषधाची अधिक तीव्र, म्हणजे कमी मिलीत तेवढीच मात्रा देणारी बाटली लिहून दिली.

तान्ह्या बाळाला बोंडल्यानेही औषध देता येते, पण आधी सिरिंजने मोजून मगच बोंडल्यात घ्यावे. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नये. बाळाने अर्धे दूध टाकले तर अर्धे औषध गेले आणि दुधाची चव बदलल्याने ते दूधही नाकारू लागते. थोड्या मोठ्या मुलाला औषध घ्यायचे की नाही हा पर्याय देऊ नये. आईच्या हातून की बाबांच्या, सिरिंजने की चमच्याने, आधी पाणी की नंतर, एवढे पर्याय द्यावेत. औषधाला खाऊ किंवा चॉकलेट म्हणू नये, कारण त्या शब्दावर विश्वास ठेवून मुले एकट्याने बाटली उघडतात.

पाचवी पायरी: चव

प्रेडनिसोलोन, सेफ्युरॉक्झिम आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांचा कडूपणा सुपरिचित आहे. औषधाआधी बर्फाचा तुकडा चोखायला दिला किंवा थंड श्रीखंडाचे बोट चाटवले तर जीभ थोडी बधिर होते. तूप-साखरेचा पातळ थर जिभेवर दिला तरी कडूपणा कमी जाणवतो. औषध एखाद्या पदार्थात कालवायचेच असेल तर तो एका चमच्यात संपेल एवढाच घ्यावा, लगेच द्यावा, आणि वरणभात किंवा मऊ खिचडीसारखे रोजचे अन्न त्यासाठी वापरू नये. वर्षभराखालील बाळाला मध कोणत्याही निमित्ताने देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा विषबाधेचा गंभीर आजार होण्याचा धोका असतो.

नागपूरच्या घरात कडू औषध म्हटले की पहिला हात संत्र्याकडे जातो. इथे थोडे थांबावे लागते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन यांच्या द्रवरूप औषधात कडूपणा झाकण्याची जी व्यवस्था केलेली असते ती आंबट रसात मोडते, आणि झाकलेला कडूपणा संत्र्याच्या रसाबरोबर पूर्ण तोंडात पसरतो. लोहाच्या औषधाची गोष्ट उलट आहे. संत्र्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते, तर दूध आणि चहा यांच्यामुळे ते कमी शोषले जाते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा मिळणारे लोहाचे एक मिली सिरप गालाच्या आतल्या बाजूने द्यावे आणि नंतर पाणी पाजावे, म्हणजे दात काळे पडत नाहीत. शी काळसर होणे स्वाभाविक आहे.

सहावी पायरी: गोळी गिळायला शिकवणे

साधारण सहा वर्षांच्या पुढे बहुतेक मुलांना हे शिकवता येते. मूल आजारी नसताना आणि भूक लागलेली नसताना, रोज पाच मिनिटे सराव करावा. सुरुवात पोळीच्या मऊ भागाच्या मोहरीएवढ्या गोळीपासून करावी, ती जिभेच्या मध्यावर ठेवून पाण्याचा मोठा घोट घ्यायला सांगावा, आणि सलग तीन दिवस जमल्यावर आकार मटकीच्या मोडाशिवायच्या दाण्याएवढा, मग मुगाएवढा असा वाढवावा. मूल मान मागे टाकते, ती सरळ ठेवावी. कॅप्सूल हलकी असल्याने पाण्यावर तरंगते, म्हणून ती गिळताना हनुवटी किंचित छातीकडे वळवल्यास सोपे जाते. एखाद्या दिवशी जमले नाही तर तिथेच थांबून आदल्या दिवशीच्या आकारावर परतावे. मुलाला गिळण्याचा मुळातच त्रास असेल तर हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

तोंडावाटे जमतच नसेल तर

सतत उलट्या होणाऱ्या तापाच्या मुलाला पॅरासिटॅमॉलची गुदद्वारातून द्यायची वात (सपोझिटरी) उपयोगी पडते. ती ८०, १७० आणि २५० मिलिग्रॅममध्ये मिळते आणि तिच्यातील औषध तोंडावाटे दिलेल्या पॅरासिटॅमॉलमध्येच धरायचे असते, म्हणजे दोन्ही एकाच वेळी देऊ नयेत. आपल्या उन्हाळ्यात ती घरात वितळते, म्हणून फ्रीजमध्ये ठेवावी. मूल डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन असताना टोक पाण्याने ओले करून ती सरकवावी आणि दोन-तीन मिनिटे नितंब एकमेकांना दाबून धरावेत.

दम्याच्या मुलाला सिरपऐवजी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्कसह पंप लिहून दिला तर "पंपाची सवय लागेल" या भीतीने तो नाकारू नये. औषध थेट फुप्फुसात जात असल्यामुळे पोटातून देण्यापेक्षा फार कमी मात्रा पुरते. मास्क गालांना घट्ट लागलेला असावा, एक दाब द्यावा, मुलाला पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यावेत आणि मगच दुसरा दाब द्यावा. रडताना औषध नीट आत जात नाही, म्हणून मास्क आधी बाहुलीला, मग आजोबांना लावून मुलाशी त्याची ओळख करून द्यावी. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावावी.

औषध बाहेर आले तर

झिंकची गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा द्यावी. अन्य औषधांसाठी, विशेषतः फिट्स, हृदय किंवा मधुमेहाच्या औषधांसाठी, स्वतःच्या अंदाजाने दुसरी मात्रा देऊ नये. किती वेळाने उलटी झाली, त्यात औषधाचा रंग दिसला का आणि साधारण किती बाहेर आले, हे कागदावर लिहून डॉक्टरांना फोन करावा. तोच कागद फ्रीजच्या दारावर लावून प्रत्येक मात्रेची वेळ आणि ती देणाऱ्याचे नाव लिहिले तर आई ऑफिसातून येण्यापूर्वी आजीने दिलेले औषध पुन्हा दिले जात नाही. सलग दोन मात्रा पोटात राहिल्या नाहीत, मूल सुस्त झाले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा औषध दिल्यानंतर ठसका लागून श्वास घरघरू लागला, तर दुसरे रूप शोधण्यात वेळ न घालवता मुलाला घेऊन निघावे आणि औषधाची बाटली सोबत न्यावी.